फुगलेल्या फळ्या

नारळी पुनवेला धाकट्या खारीत कुणाच्याच चुलीवर नारळीभात चढला नाही. भाताचं रोप पाण्याखाली कुजत असताना गोड घशाखाली उतरत नाही. कृष्णाबाईनं खोवलेलं खोबरं तसंच ताटलीत झाकून ठेवलं आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून बसली. समोर ओटीवर तिचे दोन दीर आणि मुलगा. तिघांनी जेवण कसंबसं उरकलं होतं आणि आता तिघेही तिच्याकडे बघायचं टाळत होते. काय विचारायचंय ते तिला ठाऊक होतं. नवऱ्याच्या माघारी आणि त्याच्या हयातीतही, या घरात पुरुष असे गप्प बसले की तिनं पदर खोचून चपला शोधायच्या, एवढाच त्याचा अर्थ.

"वैनी," अखेर महिपती बोलला. तिचा मधला दीर, गावचा म्होरक्या. "आजचं उधाण. सांजच्याला पाणी लय खाली जाईल. आज फळ्या निघाल्या तर निघाल्या. दोन दिसांनी काढून काय करायचं? खत होईल रोपांचं."

"मंग?"

"मंग काय. तुमच्या भावाकडं जावं लागंल."

"जाते की. दुसरं कोण जातं या घरातनं?"

महिपतीनं मान खाली घातली. चांगला माणूस होता, पण चांगुलपणाचा उपयोग करून घ्यायची त्याला सवय लागली होती. दुसऱ्याच्या चांगुलपणाचा.

थोरली खार खाडीच्या तोंडाशी, धाकटी खार तिच्या पाठीला, टेकडीच्या अंगाला. धाकटीत पडलेल्या पावसाला खाडीकडे जायला एकच वाट, थोरलीच्या शिवारातून गेलेला नाळ. नाळाच्या टोकाला थोरलीच्या बांधात जुनी उघाडी. दोन दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत एकावर एक बसवलेल्या लाकडी फळ्या. ओहोटीला फळ्या वर घ्यायच्या, गोडं पाणी सोडायचं. भरती लागायच्या आत खाली टाकायच्या, खारं पाणी अडवायचं. थोरलीला स्वतःच्या पाण्यासाठी वेगळी, मोठी उघाडी होती. ही जुनी बंद राहिली तर बुडायची ती फक्त धाकटी. आणि फळ्यांचा हुकूम थोरलीच्या सरपंचाचा. आधी कृष्णाबाईच्या बापाचा होता, आता तिच्या पाठच्या भावाचा, कान्हूचा.

याच उघाडीवरून दोन्ही गावांनी एकदा डोकी फोडली होती, आणि त्या डोक्यांवरच्या पट्ट्या सुटायच्या आत कृष्णाबाईच्या लग्नाच्या अक्षता पडल्या होत्या. बापानं तिला पाठवणीच्या वेळी रडू दिलं नाही. म्हणाला, "लांब थोडीच देतोय? बांधावरनं हाक मारलीस तर ऐकू येशील." ते खरं निघालं. दोन्ही बाजूंच्या हाका तिनंच ऐकल्या. म्हैस कुणाच्या शेतात शिरली, कुणाच्या जाळ्यातले मासे कुणी नेले, पालखी आधी कुणाच्या दारात थांबायची, प्रत्येक वेळी तीच बांधावरनं आली आणि गेली. माहेरच्या वाटेवर तिच्या टाचा झिजल्या, पण माहेरपण म्हणून ती तिथं कधी राहिली नाही. तसं कुणाला सुचलंच नाही. तिलाही नाही.

"आय जायाची नाय," जगन एकदम बोलला. धाटावच्या रसायनांच्या कारखान्यातली आजची शिफ्ट बदलून तो घरी थांबला होता. "काय केलंय आपण? आपल्या बांधावर माती टाकली. चोरी केली का?"

"चोरी परवडली असती," महिपती म्हणाला. "चोराला चार फटके घालून सोडून देतात."

चैतात बांधांना माती लागते. दोन्ही गावं एकाच दिवशी कामाला लागतात, आणि धाकटीच्या घरांनी मातीची पहिली पाटी थोरलीच्या बांधावर टाकायची, मग आपल्या. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. पण त्या एका पाटीवर थोरलीचा थोरलेपणा उभा होता. यंदा धाकटीचा आतला बांध ढासळला होता, वरनं उधाण यायचं होतं. जगननं बघितलं आणि पहिली पाटी तिथंच रिकामी केली. परक्या मुलखातल्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, बरोबरच केलं. इथला माणूस मात्र आधी आजूबाजूला बघेल, कुणी ऐकलं तर नाही ना. त्या दिवशी कान्हू काही बोलला नाही. उलट जगनला पाठीवर थाप मारून म्हणाला, "कंपनीतला माणूस, तुला काय आमच्या रीतीभाती." पाऊस लागला, लावणी झाली, सगळ्यांना वाटलं विसरला. आणि मग श्रावणात फळ्या अडकल्या.

"एकदा तरी तोंडावर म्हणाला का, माफी मागा म्हणून?" जगन म्हणाला. "काय म्हणतो? फळ्या फुगल्यात! पावसानं लाकूड फुगलंय, निघत नाय, बघू! पोरानं आजारी हाय सांगून शाळा बुडवावी तसं!"

"आदी बी फुगल्या व्हत्या," कृष्णाबाई म्हणाली. "तुझ्या बापानं काढल्या व्हत्या, दोन-तीन वेळा. पाठ धरली व्हती त्यांची. मी तेल चोळायचे."

नवऱ्याचा, बाबाजीचा, विषय निघाला तसे महिपतीनं हात जोडले. तेवढ्यात धाकटा दीर गोविंदा खुदकन हसला.

"तुम्हाला हसू कसलं येतंय, भाऊजी?"

"फुगलेल्या फळ्यांचं. मी त्याच बघून आलोय, वैनी. लय मोठ्या."

गोविंदानं उमर काठमांडूत काढली होती, मुंबईच्या एका कापडवाल्या सेठची तिथली गाडी चालवण्यात. बायकापोरं पेणला. यंदाच्या चैतानंतर सेठनं त्याला घरी पाठवून दिलं. म्हणाला, गाडीला पेट्रोल नाय, तुला काय पूजेला ठेवू?

"तिथं रॉकेल नाय, पेट्रोल नाय, मीठ सुद्धा जपून. सगळं आपल्याकडनं जायचं, ते थांबलं. कुणी थांबवलं विचारा! कुणीच नाय. दिल्लीवाले म्हणतात, करार संपला, कागदाचं काम हाय, बघू. खरं काय? तर काठमांडूवाल्यांनी डोंगरापलीकडच्या दुसऱ्या मोठ्या देशाकडनं तोफा घेतल्या. आपल्याला विचारलं नाय. पहिली पाटी दुसरीकडं टाकली."

"मंग?" जगन पुढं सरकला.

"मंग काय, रांगा. मी बी डबा घेऊन रांगेत. पुढं एक म्हातारी व्हती. मागं वळली, माझ्या तोंडाकडं बघितलं आन म्हणाली, तुझ्याच मुलखाचं काम ना रे हे? काय बोलणार? तिथं मी थोरल्या खारीचा व्हतो ना." गोविंदाचं हसू गेलं होतं. "एवढी वर्सं त्यांचं खाल्लं. ह्यांना आपला राग येत असंल, हे माझ्या ध्यानात बी आलं नव्हतं. थोरल्याला दिसतच नाय, वैनी. कान्हूला सुद्धा वाटत असंल, आपण लय दयाळू हावोत."

"म्हणून मी म्हणतो, कंपनीवाल्याला हो म्हणा," जगन म्हणाला. "परवा जीप घेऊन आलता. वरच्या अंगाला आपली पडीक खाजणाची पट्टी हाय, त्यातनं त्यांना खाडीपत्तुर पाईप टाकू द्यायचा. बदल्यात आपल्याला सवती उघाडी बांधून देतात. सिमेंटची. लोखंडी दार. किल्ली आपल्या हातात. मंग कान्हूमामानं फळ्यांची खुर्ची करून बसावं!"

आतनं सरू बाहेर आली. जगनची बायको, जोहे गावची, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात वाढलेली. हाताच्या रंगावरनं कोण खरं राबलं आणि कोण नुसतं उभं राहिलं, ते ओळखणारी पोर. "आन त्या पाईपातनं काय येनार?"

जगननं अंगणाकडं तोंड फिरवलं.

"मी इचारते, काय येनार? तुमचे कंपनीतले कपडे मी सवते धुते. ते पाणी अळवाला घातलं तर अळू जळलं."

"गप गो."

"गप बसते. पर सांगा."

"एकाच्या हातातली दोरी सोडवायची," महिपती पुटपुटला, "आन दुसऱ्याच्या हातात द्यायची. कान्हू निदान आपल्यातला हाय. रागावला तर कशानं रागावला ते कळतं. कंपनीला राग बी येत नाय आन लाज बी."

"मंग पाय धरा मामाचे! पिढ्यान्‌पिढ्या धरा!"

"अरे, सही करायची नाय," गोविंदा म्हणाला. "पण जीप आली व्हती, हे थोरलीत कळू दे की. दुसऱ्या दाराची कडी वाजवायची, दार उघडायचं नाय. तिथले लोक हेच करतात. कधी कडी जास्त वाजते, मंग असं रॉकेल बंद होतं."

"काका, तुम्ही नुसत्या गोष्टी सांगता. सांजच्याला पाणी जायाला पायजे. कसं जाणार? मामा म्हणणार फळ्या फुगल्यात. मी म्हणणार खोटं. मंग?"

"मंग तो आणखी मोठं खोटं बोलंल. माणसानं खोट्याला एकदा जागा दिली की ते घर करून बसतं."

कृष्णाबाई सगळं ऐकत होती. तिला राग आला नव्हता. राग यायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. एवढी डोकी, एवढी बोलणी, आणि शेवटी वाट तिचीच. तिनं उठून कोपऱ्यातली माती वाहायची रिकामी पाटी ओढली.

"पहार हाय का रे घरात?"

तिघेही दचकले.

"वैनी, मारामारी नको," महिपती म्हणाला.

"मारामारी कुणाशी करू? या वयात? जगन, पहार घे, दोर घे. वाटंत आपल्या बांधाची चिकण माती पाटीत भर. आन तिथं मी बोलेपत्तुर तोंड उघडायचं नाय. शपथ हाय माझी."

"आय, तू पाय धरनार असशील तर मी येनार नाय."

"तुझे पाय चालायला लागेपत्तुर मी माझे वापरते. चल."

*

थोरलीच्या बांधावर सगळं गाव लोटलं होतं. बेगड लावलेला नारळ, ढोल, नव्या साड्या, आणि पांढऱ्या टोपीतला कान्हू. नारळ खाडीत पडेपर्यंत कृष्णाबाई लांब उभी राहिली. थोरलीचा नारळ आधी, मग धाकटीचा. तेवढं पाळायला तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. पाणी उतरायला लागलं होतं. खाडीच्या कडेचा चिखल चकाकत उघडा पडत चालला होता.

ती पाटी डोक्यावर घेऊन गर्दीतनं पुढं गेली. ढोल आपोआप थांबला. मागं जगन, पहार आणि दोर घेऊन. पहार बघून थोरलीची दोन पोरं पुढं सरकली.

"काय गो बाय," कान्हू म्हणाला. "सनाच्या दिवशी पाटी?"

"चैतातली राहिली व्हती. पोराच्या हातनं चूक झाली. घरात ठेवून ठेवून जड झाली रे. म्हणलं, आज टाकून येऊ."

तिनं पाटी डोक्यावरनं उतरवली आणि थोरलीच्या बांधावर रिकामी केली. मातीचं ढेकूळ पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. कान्हूच्या तोंडावर समाधान पसरलं. ते लपवायला त्याला जमलं नाही. लहानपणी तिच्या ताटातला मासा उचलून खाल्ल्यावर जमायचं नाही, तसंच.

"अगो, मी काय मनात धरलंय व्हय?"

"तू कशाला धरशील? मलाच चैन नव्हती." ती पदरानं मान पुसत म्हणाली, "फळ्या फुगल्यात म्हणं."

"लय. जुनं लाकूड. पोरांनी केवढी खटपट केली. बघू, जरा ऊन पडू दे."

"व्हय ना. दमली असतील पोरं. त्यात आज त्यांचा सन. म्हणून मीच जगनला घेऊन आले. पहार हाय, दोर हाय. जोर लावून बघंल. तुझी उघाडी, तुझ्या हुकमाबिगर हात कसा लावायचा? तू नुसतं हो म्हण."

कुणीतरी खाकरलं. कान्हू तिच्याकडे बघत राहिला. नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागणार होतं, आणि सगळं गाव ऐकत होतं. तो चलाख माणूस होता. त्यानं दुसरं दार शोधलं.

"जीप आलती म्हणं तुमच्याकडं."

"आलती की. पाईपाचं कायतरी बोलत व्हते. मी म्हणलं, माझा भाऊ बसलाय तिकडं. त्याला विचारल्याबिगर आम्ही तव्यावर भाकर बी टाकत नाय."

बायका हसल्या. कान्हूही हसला. मग हसता हसताच म्हणाला, "बरं केलंस. इथनं पुढं बी तसंच कर. जीप येऊ दे, सरकारी साहेब येऊ दे, कुणी बी. आधी मला विचारायचं. मंग बोलायचं. काय?"

हे द्यायला ती आली नव्हती. ती मस्करीत एक चिमूट टाकायला गेली होती, आणि त्यानं मूठच धरली. तिनं खाडीकडे बघितलं. पाणी चांगलंच खाली गेलं होतं. अजून थोड्या वेळानं ते वळणार होतं, आणि वळलं की फळ्या काढूनही उपयोग नव्हता.

"व्हय," ती म्हणाली.

मागं पहार दगडावर आपटल्याचा आवाज झाला. तिनं वळून बघितलं नाही.

"मंग काढा," कान्हू म्हणाला.

जगन उघाडीच्या पायऱ्या उतरला. वरच्या फळीच्या कडीत दोर ओवला आणि नीट बसलाय का बघायला नुसता हिसका दिला. फळी हातभर वर आली. अगदी अलगद, लोण्यातनं सुरी यावी तशी. जगन थबकला. त्यानं मान वर केली. आधी मामाकडं बघितलं, मग आईकडं. कान्हूचं तोंड दगडासारखं झालं होतं. जगनचे ओठ हलले. आता हा बोलणार. हे सगळ्या गावासमोर बोलणार, आणि मग कान्हूला आपली अब्रू राखायला या फळ्या खरोखरच्या खिळ्यांनी ठोकाव्या लागणार.

"जोर लाव रे!" कृष्णाबाई ओरडली. "फुगलेलं लाकूड हाय ते! असं निघायचं नाय!"

जगन तसाच उभा. तिला वाटलं, हा ऐकायचा नाही. मग त्यानं दोर सैल सोडला. फळी परत खाचेत बसली. त्यानं पहार उचलली, फळीखाली घातली, पाय रोवले, आणि अंगाला पीळ देऊन कण्हला.

ते कण्हणं कृष्णाबाईच्या ओळखीचं होतं.

हे तिनं ऐकलं होतं. याच जागी उभं राहून, लग्नानंतरच्या एका श्रावणात, आणि पुढंही. बाबाजी असाच कण्हायचा, असाच दातावर दात दाबून, असाच शेवटी एक हुंकार देऊन. तेव्हा वर तिचा बाप उभा असायचा. ती बांधावरनं बाबाजीच्या पाठीची काळजी करत राहायची, आणि घरी गेल्यावर पालथा झोपवून तेल चोळायची. तो उशीत तोंड खुपसून पडून राहायचा. तिला वाटायचं, दुखतंय. तेव्हाही फळ्या फुगल्या नव्हत्याच; तिच्या माहेरची लाज तो तिच्यापासनंही लपवत होता. तो मेला, तरी तिला कळलं नव्हतं. ते आज, या वयात, भर गर्दीत कळलं.

"निघाली! निघाली!" थोरलीची पोरं ओरडली. कान्हूनं स्वतः पुढं होऊन दुसऱ्या फळीला हात लावला. "लय घट्ट व्हती गो," तो म्हणाला.

"लय," ती म्हणाली.

पाणी सुटलं. गढूळ, कुजक्या पातीचा वास असलेलं धाकट्या खारीचं पाणी नाळातनं धडधडत आलं आणि खाडीत पडलं. ढोल परत वाजू लागला. कान्हूनं तिच्या ओटीत नारळ घातला, आणि तिनं तो घेतला.

परतीच्या वाटेवर जगन पुढं चालत होता. आतल्या बांधापाशी तो थांबला.

"एका बोटानं निघत व्हती, आय."

"बघितलं मी."

"मामाला ठाऊक हाय, आपल्याला कळलं ते."

"त्याला ठाऊक असू दे. बाकी गावाला नको. तेवढ्यावर औंदाचं पीक हाय."

"आन ते 'व्हय' म्हणालीस ते? आता जीपवाल्याला नाय म्हणायला बी मामाची परवानगी?"

तिनं पाटी या हातातनं त्या हातात घेतली. जगननं तिच्या हातातली रिकामी पाटी हिसकावून घेतली आणि नाळात भिरकावायला हात मागं नेला.

"नको," ती म्हणाली. "चैतात लागंल."

त्याचा हात तसाच राहिला. मग त्यानं पाटी काखेत मारली आणि चालू लागला.

घरी ओटीवर दिवा लागला होता. नाळातनं पाणी चालल्याचा आवाज अंगणापर्यंत येत होता आणि महिपती कानामागं हात धरून तो ऐकत होता, देवळातलं भजन ऐकावं तसा. गोविंदानं जगनचं तोंड बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. जगन भिंतीला टेकून बसला. बसताना त्यानं कमरेवर हात ठेवला.

"फळ्या लय घट्ट व्हत्या?" सरूनं विचारलं. "पाठ धरली का? तेल कोमट करू?"

जगननं आईकडं बघितलं, मग जमिनीकडं. "कर," तो म्हणाला.

सरू चुलीकडं वळली. कृष्णाबाईनं कान्हूचा नारळ देवापुढं न ठेवता उंबऱ्यावरच ठेवला आणि सरूचा हात धरला.

"तेल ठेव गो. त्याच्या पाठीला काय झालेलं नाय. इथं बस माझ्यापाशी, तिथं काय काय झालं ते सगळं सांगते तुला. माझ्यामागं तुलाच त्या बांधावर जायचंय."